मघाचा आकडा

जागृती रोकडेला वाडीत सगळे ओळखतात ते काटे दुरुस्त करणारी म्हणून. भिवपुरीच्या वीजघराच्या खालच्या अंगाला, भातखाचरांच्या कडेला त्यांची बुद्धवाडी आहे. वडील सहदेव वीजघरात ऑपरेटर होते, आता निवृत्त झाले. आई ठकूबाई भात निघालं की अजून खाचरात वाल लावते. जागृती कर्जतच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि खोपोलीच्या एका छोट्या वर्कशॉपात कामाला लागली. खालापूर, चौक, मोहोपाडा या पट्ट्यात ट्रक तोलायचे जेवढे वजनकाटे आहेत, त्यांतल्या निम्म्यांचा आकडा दाखवणारा डबा त्या वर्कशॉपात बनलेला. डबा बिघडला की जागृती स्कूटरवरून निघते. पाठीवर सॅक, सॅकमध्ये लॅपटॉप, वायरींचं भेंडोळं आणि आईने भरून दिलेला डबा.

तिचं दुसरंही एक काम आहे. ते पहाटे पाच ते साडेसात चालतं आणि त्याचा पगार नाही. पहिल्या वर्षी तिने ते चार जणांना समजावून पाहिलं, मग सोडून दिलं.

ते काम असं. प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला ओळीओळीने सांगितलेलं काम. यंत्र ते इतक्या झपाट्याने करतं की कुठल्या ओळीवर त्याचा पाय घसरला, हे माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. डिबगर हा असा प्रोग्रॅम, जो दुसऱ्या प्रोग्रॅमला मधेच थांबवतो. म्हणतो, इथे थांब. मूठ उघड. हातात काय धरलंयस ते दाखव. आता एक पाऊल टाक, पुन्हा थांब. असा एक डिबगर आहे, हेरॉन नावाचा. हेरॉन म्हणजे बगळा. तो कुणा कंपनीचा नाही. कुणीही घ्यावा, वाचावा, त्यात भर घालावी. देशोदेशीची माणसं घरचं खाऊन त्याच्यावर राबतात, आणि त्यांत एक जागृती आहे.

सात वर्षांपूर्वी खालापूरच्या एका काट्याचा आकडा मधेच गोठायचा. ते कोडं सोडवायला तिने हेरॉन घेतला, आणि काट्याची चूक शोधता शोधता तिला हेरॉनमध्येच एक चूक सापडली. तिने ती दुरुस्त करून पाठवून दिली. पावेल नावाच्या झेक माणसाने ती तपासली आणि परत पाठवली. असं अकरा वेळा झालं. प्रत्येक वेळी नवं कारण, प्रत्येक वेळी बरोबर कारण. बाराव्या वेळी त्याने घेतली आणि खाली एक ओळ लिहिली, आता तुझं काम कुणी हलवू शकणार नाही. त्या माणसाचं तोंड तिने आजवर पाहिलेलं नाही, पण कोड कसा वाचावा हे तिला त्यानेच शिकवलं. गेली तीन वर्षं हेरॉनमध्ये एक विभाग तिच्या नावावर आहे. लहान यंत्रांच्या, म्हणजे काटे, मीटर, पंप असल्या डब्यांच्या बाबतीत कुणी काहीही बदललं, की तो बदल जागृतीने ओळ न ओळ वाचायचा, चालवून पाहायचा आणि पटला तर नावापुढे हिरवी खूण करायची. त्या खुणेशिवाय बदल आत जात नाही.

यंदाच्या हिवाळ्यात पावेलनेच एक बदल आणला. चौदा महिने खपून त्याने हेरॉनला मागे चालायला शिकवलं होतं. तोवर हेरॉन पुढेच जायचा. चूक घडून गेली की प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून चालवायचा आणि ती परत घडायची वाट बघत बसायचं. आता प्रोग्रॅम चालताना हेरॉन त्याच्या पोटातलं सगळं नोंदून ठेवणार होता, आणि चूक झाली की तिथून एकेक पाऊल मागे जाता येणार होतं, माग काढत काढत, थेट घसरल्या जागेपर्यंत. बदल मोठा होता, म्हणून त्याने त्याचे चार भाग केले. पहिले तीन जागृतीने वाचले होते. दोनशे बारा चाचण्या चालवल्या, दोनशे बाराही पास झाल्या. तिन्ही भागांवर तिची हिरवी खूण होती. चौथा भाग राहिला होता, आणि गुरुवारी हेरॉनची नवी आवृत्ती निघायची होती.

तो सोमवार होता, जानेवारीतला.

चौकहून मोहोपाड्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक काटा आहे. जमिनीला समतल बसवलेला लांबलचक लोखंडी पाट, शेजारी पत्र्याची केबिन, केबिनला खिडकी. खडी भरलेले डंपर पाटावर चढतात, आतली मुलगी बटण दाबते, वजनाची चिठ्ठी निघते. काटा रूपेशशेठचा आणि बटणावर वनिता. तिचं आडनाव निरगुडा, डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतली, चोवीस वर्षांची. बारावी झाली आणि वाडीतली पहिली खुर्चीवरची नोकरी तिने मिळवली. गेला महिनाभर आठवड्यातून एकदोनदा चिठ्ठी चुकत होती. सव्वीस टनांचा डंपर अकरा टन निघायचा. पुन्हा बटण दाबलं की सव्वीस.

"यंत्र बघा मॅडम," रूपेशशेठ दारातच म्हणाला. "यंत्र चांगलं असंल तर मंग पोरगीच बदलावी लागंल. गाडी पुरती वर चढायच्या आत बटण दाबती ही. पुढचीच चाकं तोलती."

"नाय हो शेठ," वनिता आतून म्हणाली. "मी काय पहिल्यांदा काट्यावर बसलीय का?"

जागृतीने डब्याला वायर जोडली, पावेलचा मागे चालणारा हेरॉन सुरू केला आणि खिडकीपाशी बसून राहिली. डंपर येत होते, जात होते. अकराव्या डंपरला घडलं. दत्ता ड्रायव्हरची गाडी होती. चिठ्ठी आली अकरा टन दोनशेची.

"काय गं काटेवाले," दत्ता खिडकीबाहेरून म्हणाला, "माझी पंधरा टन खडी खाल्लीस की काय? दात दाखव बघू."

"तुमीच सांडली असंल वाटंत," वनिता म्हणाली. तिने पुन्हा बटण दाबलं, सव्वीसची चिठ्ठी दिली, आणि दत्ता गेला. मागचा डंपर पाटावर चढू लागला तेव्हा जागृतीने हात करून त्याला तसाच थांबवला. तिला काम शांतपणे करायचं होतं.

मग ती मागे निघाली. एकेक ओळ मागे. दुसरी चिठ्ठी गेली, पहिली चिठ्ठी आली, त्याच्याही मागे, ज्या ओळीवर बटण दाबलं गेलं त्या ओळीवर ती येऊन थांबली. इथे मूठ उघड. पाटावर किती वजन होतं? हेरॉनने दाखवलं, अकरा टन शंभर.

तिने पुन्हा पाहिलं. तोच आकडा.

"वनिता," ती म्हणाली, "तू दाबलंस तेव्हा पुढचीच चाकं वर होती गं."

रूपेशशेठ खांद्यावरून बघतच होता. "बघ. आता तर यंत्रच सांगतंय. महिना संपला की दुसरं माणूस बघतो मी." एवढं बोलून तो मोटारसायकलवर बसून निघून गेला.

वनिता रडली नाही, आवाज चढवला नाही. ती खुर्चीवरून उठली आणि जागृतीच्या समोर येऊन उभी राहिली.

"ताई, मी दाबलं तेवा दत्ताभाऊ कुठं होते?"

"म्हणजे?"

"खिडकीशी होते. खाली उतरून. ड्रायव्हर खाली उतरल्याबिगर मी बटणाला हात लावत नाय, त्याचं वजन धरायचं नसतं म्हणून. आन् गाडी अर्धी वर, अर्धी रस्त्यात ठेवून कोन ड्रायव्हर खाली उतरतो? मागनं हॉर्न मारून मारून जीव घेतील त्याचा. तुमी तर हितंच बसलेल्या. तुमी दत्ताभाऊला बघितलं का नाय?"

जागृतीने पाहिलं होतं. चिठ्ठी हातात येईपर्यंत दत्ता खिडकीच्या गजाला टेकून उभा होता, तोंडात तंबाखूची गोळी. मघाशीच पाहिलं होतं. आणि तरीही पडद्यावरचा आकडा बघून तिने एका मुलीला तोंडावर खोटं पाडलं होतं.

"तुमचं यंत्र खोटं बोलतंय," वनिता म्हणाली आणि जाऊन खुर्चीवर बसली.

जागृती पडद्याकडे बघत राहिली. मग तिची नजर पाटावर गेली. तिनेच थांबवलेला डंपर पुढची चाकं वर घेऊन तसाच उभा होता, घुरघुरत.

तिने त्या ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला सांगितली. पाट रिकामा झाला. मघाचा तोच क्षण, तीच ओळ, तिने पुन्हा विचारलं. पाटावर किती वजन होतं? हेरॉनने दाखवलं, शून्य.

"वनिता, जरा पाटावर जाऊन उभी राहतेस?"

"मी?"

"जा की."

वनिता जाऊन पाटाच्या मध्यावर उभी राहिली, ओढणी सावरत, रस्त्यावरच्या गाड्यांकडे पाठ करून. जागृतीने पुन्हा विचारलं. दत्ताची गाडी उभी होती त्या क्षणी पाटावर किती वजन होतं? हेरॉन ठामपणे म्हणाला, पन्नास किलो.

आता सगळं उघड झालं. हेरॉन प्रोग्रॅमच्या पोटातल्या सगळ्या गोष्टी मागे नेत होता, पण काट्याचे कोपरे, म्हणजे पाटाच्या चार कोपऱ्यांखाली बसवलेली वजन मोजणारी यंत्रं, प्रोग्रॅमच्या पोटात नाहीत, ते बाहेर आहेत. त्यांचा आकडा तो नोंदीतून काढत नव्हता, आत्ता, या घटकेला जाऊन विचारून येत होता, आणि आत्ताचा आकडा मघाचा म्हणून दाखवत होता. युरोपात चाचण्या होतात त्या टेबलावरच्या नकली यंत्रावर, आणि ते यंत्र जन्मभर एकच आकडा सांगतं. मघाचा आणि आत्ताचा आकडा तिथे वेगळा पडतच नाही. काट्यावरून मात्र गाडी निघून जाते.

"झालं का?" वनिताने पाटावरून विचारलं.

"झालं. खोटं यंत्रच बोलत होतं. तू नाही." जागृती म्हणाली, "मीपण चुकले."

तिने तिथूनच रूपेशशेठला फोन लावला. तो आकडा खोटा होता, म्हणाली. "मग खरं काय झालं ते सांगा," शेठ म्हणाला. ते तिला अजून सांगता येत नव्हतं. "मग ते कळंस्तवर माझं म्हननं हाय तेच राहनार."

मंगळवारी पहाटे तिने लॅपटॉप उघडला तेव्हा बाहेर धुकं होतं आणि वीजघराच्या नळांखालचं पाणी ऐकू येत होतं. आपल्या तीन हिरव्या खुणांकडे तिने बराच वेळ पाहिलं. दिलेली खूण काढून घ्यायची सोय हेरॉनमध्ये आहे, पण ती कुणी फारशी वापरत नाही. ज्याने काढली त्याचं नाव सगळ्यांना दिसतं. नीट वाचलं नव्हतं, हे त्यात कबूल करावं लागतं, आणि तेही गुरुवार दोन दिवसांवर असताना, ज्याने वाचायला शिकवलं त्याच्याच चौदा महिन्यांच्या कामावर.

तिने तिन्ही खुणा काढल्या आणि खाली लिहिलं. मी हे तीन भाग मंजूर केले होते. मी फक्त तुमच्या चाचण्या चालवल्या, खऱ्या यंत्रावर चालवून पाहिलं नाही. ती चूक माझी आहे. काल एका वजनकाट्यावर हेरॉनने मागे जाऊन आत्ताचं वजन मघाचं म्हणून दाखवलं. त्या आकड्यावर विसंबून मी एका निर्दोष बाईला दोषी ठरवलं. हा बदल असाच आत जाऊ नये. पाटावर उभं राहायचा प्रयोगही तिने पायरीपायरीने लिहिला. पन्नास किलोसकट.

पावेलचं उत्तर दुपारी आलं. ती खोपोलीत एका टपरीवर चहाला थांबली होती. त्याने सभ्यपणे लिहिलं होतं, पण शब्द घट्ट होते. बाहेरचं यंत्र मागे जात नाही हे कुणाही जाणत्याला ठाऊक असतं. मदतीच्या पानावर तशी सूचना टाकू. बाकीचं पुढच्या आवृत्तीत. आणि समजा थांबलो, तर तू काय दाखवायला सांगतेस? जुना आकडा आपण नोंदलेलाच नाही.

त्याखाली इनेसने लिहिलं होतं. इनेस पोर्तुगालची, हेरॉनचा शेवटचा शब्द तिचा. तिने लिहिलं, आवृत्तीची तारीख जाहीर झाली आहे. एका काट्यावरच्या एका प्रसंगासाठी ती हलवणं अवघड आहे. जागृती, जी कुणालाही आपल्या टेबलावर चालवून पाहता येईल आणि जी नापास होईल, अशी चाचणी गुरुवार दुपारपर्यंत दे. नाहीतर तुझ्या खुणेशिवाय मला हे आत घ्यावं लागेल.

चहा निवून गेला. जागृतीने उत्तर लिहिलं. कुणाही जाणत्याला ठाऊक असतं, हे खरं. मलाही ठाऊक होतं. तरी मी फसले, कारण आकडा पटण्यासारखा होता. चाचणी देते.

बुधवारी पहाटे तिने नकली काटा लिहिला. प्रत्येक वेळी विचारल्यावर वेगळा आकडा देणारा. पहिल्यांदा विचारलं की दहा, मग वीस, मग तीस. चाचणी नापास झाली आणि ती आनंदाने कामाला निघाली. तिचा आनंद अकरा वाजेपर्यंत टिकला. पावेलने चाचणी वाचून तिच्यातली चूक बरोबर पकडली होती. तुझी चाचणी नापास होते ती भलत्याच कारणाने. तुझं नकली यंत्र हेरॉनने नुसतं डोकावून पाहिलं तरी आकडा बदलतं. खरा काटा असा वागतो का?

नव्हता वागत. काट्यावरचं वजन बघण्याने बदलत नाही, गाडी गेल्याने बदलतं. तो बरोबर होता, आणि आता एक दिवस उरला होता.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ओट्यावर वालाच्या शेंगांचा ढीग होता. ठकूबाई शेंगा सोलत होती आणि सहदेव निवडत होते.

"आली बघा फुकट खात्यातली नोकरदार," ठकूबाई म्हणाली. "तोंड का उतरलंय गं? त्या गोऱ्याशी भांडलीस?"

"भांडले नाही आई. तो बरोबर बोलतोय आणि मीपण बरोबर बोलतेय, म्हणून अडलंय."

"असं नवराबायकोचं असतंय," ठकूबाई म्हणाली. "बस, शेंगा सोल. हात चालले की डोकं चालतं."

ती बसली. थोड्या वेळाने तिने वडिलांना विचारलं, "बाबा, तुमी वीजघरात दर तासाला मीटर बघून वहीत आकडा लिहायचात ना? एखाद्या तासाला बघायचा राहिला तर?"

"रहायचा कधीमधी. एखादं मशीन आडलं की धावाधाव व्हायची."

"मग मागनं काय लिहायचात? आत्ताचा आकडा?"

सहदेवांनी मान वर केली. "आत्ताचा आकडा मागच्या तासाला? त्या माणसाला वहीला हात लावू दिला नसता कुनी. रेघ मारायची. आडवी रेघ. त्या तासाचं आमाला ठावं नाय, म्हनून. रेघ बघितली की पुढच्या पाळीवाल्याला कळतं, हितं इसंबायचं नाय. अंदाजाचा आकडा लिवला तर तो खऱ्यासारखाच दिसतो की. शाई एकच असते."

जागृतीचे हात थांबले. एक शेंग तशीच अर्धी उघडी राहिली.

"काय झालं?" ठकूबाईने विचारलं.

"काही नाही. उत्तर मिळालं."

"मंग ती शेंग पुरी सोल आन् जा."

गुरुवारी पहाटे तिने दुसरी चाचणी लिहिली. तिच्यातला नकली काटा बघण्याने बदलत नव्हता. चाचणी आधी त्याच्यावर सव्वीस टन ठेवायची, बटण दाबायची, मग गाडी काढून घ्यायची, आणि मग हेरॉनला मागे नेऊन विचारायची. हेरॉन म्हणाला, शून्य. आपल्या लॅपटॉपवर तिने ती चाळीस वेळा चालवली, चाळीस वेळा तसंच झालं. मग गाडी न काढता चालवली, तेव्हा पास झाली. नापास होण्याचं कारण गाडी जाणं हेच आहे, दुसरं काही नाही, हे तिने आधी स्वतःला पटवलं आणि मग पाठवलं. सोबत पावेलच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. जुना आकडा नसेल तर आकडा दाखवू नका. तिथे आडवी रेघ दाखवा. ज्याला रेघ दिसेल तो थांबून विचार करेल. ज्याला आकडा दिसेल तो थांबणार नाही. मी थांबले नव्हते. आणि शेवटी लिहिलं, हे होईपर्यंत माझी खूण मिळणार नाही. इनेसला माझ्याशिवाय आत घ्यायचं असेल तर तो तिचा अधिकार आहे, पण मग लहान यंत्रांच्या विभागावरून माझं नाव काढावं.

हे शेवटचं वाक्य तिने दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं. सात वर्षांच्या पहाटा त्या नावात होत्या. पण खालच्या बदलावर विश्वास नसताना वर नाव ठेवायचं, तर त्या नावाला काय किंमत?

दिवसभर ती खालापुरात एका काट्याचे कोपरे साफ करत होती. फोन खिशात ठेवला होता आणि मुद्दाम काढला नाही. चार वाजता हात धुऊन तिने पाहिलं. इनेसने एवढंच लिहिलं होतं. चाचणी माझ्या टेबलावर चालवली, नापास झाली. मागे जाण्याची सोय या आवृत्तीत नाही. बाकीची आवृत्ती आज निघते.

पावेलने काहीच लिहिलं नव्हतं.

नऊ दिवस त्याचं काही आलं नाही. जागृती रोज पहाटे उठून बघायची. एकदा तिला वाटलं, आपणहून काही लिहावं, बरं वाटेल असं. पण बरं वाटावं म्हणून काही लिहावं, असं पावेलने तिच्या बाबतीत कधी केलं नव्हतं. तिनेही केलं नाही. त्या नऊ दिवसांत ती दोनदा वनिताकडे जाऊन बसली. डब्यात चूक शोधून मिळेना, आणि महिना संपायला आला होता.

"ताई, तुमच्या त्या मानसाला फोन लावा," वनिता म्हणाली. "सांगा, हितं एकीची खुर्ची चाललीय म्हनून."

"त्याच्यासाठी बदल घाईत करायचा नाही गं. घाईनेच झालंय सगळं."

"मंग माझी खुर्ची?"

जागृतीने रूपेशशेठला पुन्हा फोन लावला. या महिन्यात वनिताला काढलंत तर डब्याची चूक मी शोधणार नाही, दुसरं कुणी शोधून देतंय का बघा, म्हणाली. शेठ नमला. अजून पंधरा दिवस देतो, म्हणाला.

दहाव्या दिवशी नवा बदल आला. पावेलने आणखी एक काम केलं होतं, जे जागृतीने मागितलं नव्हतं. प्रोग्रॅमने बाहेरच्या यंत्राला जे जे विचारलं आणि जे जे उत्तर मिळालं, तेवढं हेरॉन आता नोंदून ठेवत होता. मागे गेल्यावर तोच नोंदलेला आकडा दिसायचा. जे प्रोग्रॅमने विचारलंच नव्हतं किंवा ज्याचं उत्तर त्याला मिळालंच नव्हतं, तिथे आडवी रेघ. सोबत त्याची ओळ होती. तुझ्या काट्यावर चालव. मला इथून दिसत नाही.

जागृतीने चारही भाग पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचले. मंजूर केलेले धरूनच. सहा पहाटा गेल्या. दोन ठिकाणी तिला शंका आली, एक पावेलने मानली, एक त्याने खोडून काढली आणि तिने मानली. मग ती चौकच्या काट्यावर गेली.

त्या दिवशी चुकीची चिठ्ठी यायला दुपारचे तीन वाजले. वनिता एकदम म्हणाली, "ताई, आली. अकराचीच आली." ड्रायव्हर खाली उभा होता, ते या वेळी जागृतीने आधी पाहून ठेवलं. गाडी जाऊ दिली. पाट रिकामा झाला. मग ती मागे निघाली, ओळीओळीने, आणि बटणाच्या ओळीवर थांबली.

काट्याला चार कोपरे, चार कोपऱ्यांचे चार आकडे. पुढचे दोन कोपरे मिळून अकरा टन दोनशे. मागच्या दोन कोपऱ्यांपुढे आडवी रेघ. त्या दोघांचं उत्तर प्रोग्रॅमला मिळालेलंच नव्हतं. वायरीतून त्यांचं उत्तर यायला कधीकधी उशीर होत होता, आणि डबा त्यांची वाट न बघता दोघांचीच बेरीज करून चिठ्ठी छापत होता. गाडी पुरती वर होती. बटण वेळेवर दाबलं होतं. चूक वर्कशॉपच्या डब्याची होती, म्हणजे जागृतीच्याच घरची. वाट बघण्याच्या चार ओळी तिने तिथेच बसून घातल्या.

रूपेशशेठ आला तेव्हा तिने त्याला खुर्ची दिली आणि चारही कोपरे दाखवले. त्याने दोनदा पाहिलं. मग वनिताकडे न बघता म्हणाला, "बरं. चहा सांग गं तिघांना."

"तुमीच सांगा शेठ," वनिता म्हणाली. "गाडी आलीय काट्यावर."

शेठने खिडकीतून हाक मारून चहा सांगितला.

जागृतीने लॅपटॉप मांडीवर घेतला. हेरॉनमध्ये रिवाज असा की ज्याने चूक दाखवून दिली त्याचं नाव बदलाच्या तळाशी कायमचं लिहायचं. पावेलने तिथे जागृतीचं नाव घातलं होतं. तिने ते खोडलं आणि वनिता निरगुडा असं लिहिलं.

"हे काय लिवलंत?" वनिताने खिडकीतून नजर न काढता विचारलं.

"यंत्र खोटं बोलतंय, हे पहिल्यांदा कोण म्हणालं, ते."

"आन् माझं वजन?"

"ते आधीच गेलंय जगभर."

वनिताने कपाळाला हात लावला. समोरचा ड्रायव्हर गाडीतून उतरला, खिडकीपाशी आला, आणि तिने बटण दाबलं. सत्तावीस टन.

जागृतीने चार हिरव्या खुणा केल्या, एकेक भाग उघडून, एकेक करून. मग लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळली आणि चहा घेतला. त्याच वर्कशॉपाचा त्याच जातीचा डबा असलेले आणखी चौदा काटे त्या पट्ट्यात होते. पहिला मोहोपाड्यात होता आणि उजेड अजून दोन तास होता.